फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटरच्या तक्रारींच्या या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट एकच आहे: "फॉरमॅट मारू का भाऊ?" म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरू करू का? जरा दम धरा. एकेकाचं बघू.

प्रश्न : माझं दर्यापूर तालुक्यात ई-सेवा केंद्र आहे. दिवसभर लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात, कोणाला दाखले छापायचे, कोणाला फोटो. परवापासून जो पेन ड्राइव्ह लावतो त्यातले फोल्डर गायब अन् नुसते शॉर्टकट दिसतात. एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे फोटो गेले. तो रोज येऊन माझ्यावर तणतण करते.

फोटो बहुधा जागच्या जागीच आहेत, हे त्याला आधी सांगा. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. शॉर्टकट म्हणजे एक-दोन केबीचा जीव. तिथे ११ जीबी भरलेले दिसत असतील तर माल आतच आहे, फक्त लपवलाय.

पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे व्हायरस आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ मध्ये ती वाट बंद झाली आणि २०११ साली एक्सपी-व्हिस्टालाही तसाच अपडेट मिळाला. तेव्हापासून व्हायरसला तुमच्या बोटाची गरज पडते. म्हणून तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. आपण 'लग्न' म्हणून डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, पण त्याआधी व्हायरस पीसीत शिरलेला असतो.

तुमच्याकडे प्रत्येक पेन ड्राइव्हचं तेच होतंय, म्हणजे घर केलंय ते तुमच्या पीसीत. पीसी साफ न करता पेन ड्राइव्ह साफ करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आधी विंडोज सिक्युरिटीत जाऊन अपडेट घ्या, मग नेट काढा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे 'विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' चालू दिसला तर शंका घ्या आणि एंड टास्क करा, कारण यातले बरेच व्हायरस व्हीबीएस स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजला हुकूम देणाऱ्या छोट्या फाइली असतात आणि त्याच्याच खांद्यावर बसून चालतात. स्टार्टअपच्या यादीत अनोळखी नाव असेल तर ते डिसेबल करा. त्यानंतर व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यात डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला फट मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. आपल्याकडची लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळून बसा.

मग पेन ड्राइव्ह. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची टिक काढा. दुसरी पायरी लोक विसरतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. आता फिकट रंगाचे खरे फोल्डर दिसतील. कधी कधी सगळा माल बिननावाच्या एकाच फोल्डरात कोंबलेला असतो, तोही उघडून बघा. पीसीवर नवा फोल्डर करा, जुन्या फोल्डरच्या आतले फोटो तेवढे त्यात कॉपी करा. अख्खा फोल्डर उचलला तर लपवण्याची खूणही सोबत येते. शॉर्टकट, व्हीबीएस, ईएक्सई काही घेऊ नका. एवढं झालं की पेन ड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

आणि पुढे शक्यतो गिऱ्हाइकाला फाइल ई-मेलवर पाठवायला सांगा. फोटो स्टुडिओवाल्यांनी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड देताना त्याच्या कडेची बारकी लॉकपट्टी खाली सरकवून द्यावी. त्यावर मग काही लिहिलं जात नाही.

प्रश्न : आर्णीजवळ आमचं कृषी सेवा केंद्र आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर मुलाने फुकटात टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइलींच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागली अन् डॉलरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आली. तीन हंगामांची उधारी त्यात आहे.

हे रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागणारा व्हायरस, आणि खोटा दिलासा देत नाही: सगळं परत मिळेलच असं नाही. नेटची वायर काढा, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तीही लगेच काढा. पैसे पाठवू नका, पाठवूनही किल्ली न मिळालेले लोक आहेत. फॉरमॅट तर मुळीच मारू नका. दुसऱ्या, साफ पीसीवरून 'नो मोअर रॅन्सम' ही साइट उघडा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी ती २०१६ मध्ये सुरू केली. बिघडलेल्या दोन फाइली आणि ती चिठ्ठी तिथे टाकली की कुलूप कोणत्या जातीचं ते कळतं. किल्ली निघालेली असेल तर फुकट मिळते. आज नसली तरी ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी किल्ली सापडल्याची उदाहरणं आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

उधारी मात्र कागदावरून उभी करावी लागेल. बिलबुकं काढा, बँकेचं स्टेटमेंट आणा. भरलेले जीएसटी रिटर्न पोर्टलवर आहेतच, आणि सीएला ई-मेलने पाठवलेली फाइल त्यांच्याकडे पडलेली असते. ती पहिल्यांदा मागा.

मुलावर ओरडू नका, पण एक विचारा: टाकताना त्या सॉफ्टवेअरने "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगितलं होतं का? क्रॅकवाले, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून फुकट वाटणारे, हमखास सांगतात. कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही येतो, अशातली ती गोष्ट.

प्रश्न : लॅपटॉपच्या कोपऱ्यात सारखं येतं, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस". बाबा म्हणतात दुकानात टाक. (विद्यार्थिनी, सिंदेवाही)

दुकानात नको. कुठल्या तरी साइटवर तू घाईत 'अलाउ' दाबलंस, ती आता ओरडतेय. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढून टाक. कधी पूर्ण स्क्रीनवर भोंगा वाजून फोन नंबर दिसला तरी लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच.

प्रश्न : शाळेतला पीसी लय स्लो झाला. दोन अँटिव्हायरस टाकले तर अजूनच बसला. (शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

सर, दोन राखणदार एकमेकांनाच चोर समजून बसलेत. एक काढा. विंडोजमधला डिफेंडर शाळेला पुरतो.

पण मला यात व्हायरसचा वास येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते का? तसं असेल तर जुनी हार्ड डिस्क थकलीय, तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा. आणि कॅबिनेट उघडून बघा. मागच्या डिसेंबरात जिनिंगशेजारच्या शाळेतला असाच एक पीसी माझ्याकडे आला होता. प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची चांगली गादी जमली होती, बोटाने उचलली तर अखंड निघाली. गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ब्रशने साफ केल्यावर तोच पीसी धावायला लागला. आत विंडोज ७ असेल तर मात्र बदला. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

प्रश्न : पीएम किसानची म्हणून आलेली एपीके फाइल व्हॉट्सॲप वेबवरून पीसीत उघडली. काही झालं असेल का?

एपीके म्हणजे अँड्रॉइड मोबाइलवर ॲप टाकायची फाइल, विंडोजवर ती तशी चालत नाही. डिलीट करा. मोबाइलवरही टाकली असेल तर फोन आत्ताच एअरप्लेन मोडवर टाका, ते ॲप काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा.