शाळा बुडवणारा, मारामाऱ्या करणारा मुलगा पुढे व्यसनी होतोच का?

ताई, तुमचा मुलगा नववीत. शाळा बुडवतो, खोटं बोलतो, घरातले पैसे उचलतो, दोनदा मारामारी झाली. ‘अशी पोरं पुढे व्यसनात जातात’ हे शेजारणीचं बोलणं खरं का, असं तुम्ही विचारलंय.

होतोच असं नाही. धोका मात्र वाढतो, ते तुमच्यापासून लपवणार नाही.

मी १२ वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करते. दाखल करताना फॉर्म भरून घेतो. ‘पहिल्यांदा कधी घेतली?’ यावर वडील सांगतात, “कॉलेजात, संगतीनं.” त्यांना चहाला पाठवलं की पोरगा हळूच म्हणतो, “सातवीत. तंबाखू. मैदानामागे.” आणि शाळेत तेव्हा काय चाललं होतं विचारलं, की तुम्ही लिहिलंय तेच निघतं.

पण माझ्याकडे बुडालेलेच येतात. सावरलेली मुलं माझ्या फॉर्मवर कशाला येतील? म्हणून न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांवर तिथे जन्मापासून आजवर लक्ष ठेवलंय. त्यातून दिसलं, की बालवाडीपासूनच मारकुटी, अनावर असलेली थोडी मुलं वेगळी. बरीचशी तेरा-चौदाव्या वर्षी बिथरतात आणि बहुतेक पुढे सावरतात. स्वतःला आवरणं ज्यांना लहानपणी जमत नव्हतं, त्यांच्यात ३२व्या वर्षी व्यसनं जास्त होती. ती मुलं किशोरवयात ठरावीक सापळ्यांत जास्त अडकत होती: पंधराव्या वर्षाच्या आत सिगारेट, अर्धवट सुटलेली शाळा, नको त्या वयात आलेलं आईबापपण.

मला यातली शाळा सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलाचं नाव कमी झालं की दिवस रिकामा, आणि रिकाम्या दिवसाला कट्टा असतोच. बाप पट्टा काढतो तेव्हा पोरगं कट्ट्यावर जास्त वेळ बसायला लागतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

एक आई आठवते. मुलगा रात्री साडेदहाला यायचा. ती ताट झाकून ठेवायची, तो आला की भाकरी गरम करून शेजारी बसायची, आणि जेवण होईपर्यंत एकही प्रश्न विचारायची नाही. तीन आठवड्यांनी तोच म्हणाला, “आई, फळ्यावरचं मला वाचताच येत नाही गं. अक्षरं नाचतात. सर उभं करून वाचायला लावतात, म्हणून जात नाही.” पुढे तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं. बोर्डाच्या परीक्षेत त्याला सवलत मिळाली.

तुमच्या मुलाचं वाचन, लेखन, एकाग्रता कुणी तपासलीय का? आणि हे वागणं आत्ता सुरू झालंय की पहिलीपासूनचं आहे? लहानपणापासूनचं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा. आधी नुसतं बोलायचं असेल तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही एकट्यानंच करा, त्याला न सांगता केलात तरी चालेल.