विंडोजवर स्वतः बनवलेला मराठी कीबोर्ड यादीत का दिसत नाही, आणि दिसला तरी जुनीच अक्षरं का उमटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर या स्वतःचा कीबोर्ड बनवायच्या प्रोग्राममध्ये रिकाम्या पाटीवरून सुरुवात करून तुम्ही इनस्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीच्या, सगळ्या की भरल्यात. शिफ्ट आणि १ वर ऍ च्या जागी ॲ ठेवलात, एका मोकळ्या जागी अख्खा ऱ्य बसवलात. चाचणीच्या खिडकीत सगळं नीट उमटतं, पण इन्स्टॉल केल्यावर मराठीच्या यादीत तो कीबोर्ड नाही. मग कुठल्या तरी दुसऱ्या जागी तो सापडला, तर नंतर केलेली दुरुस्ती त्यात उतरतच नाही. शिवाय जुन्या फायलींत ‘वाऱ्यावर’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधला तर सापडत नाही.

मी मासिकांची मुद्रितं तपासतो आणि अक्षरजुळणीही करतो. असाच स्वतः जुळवलेला कीबोर्ड मी बरीच वर्षं वापरतो आहे, आणि या तिन्ही खड्ड्यांत पडून बाहेर आलो आहे. ही तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत. एकाच उपायाने सगळं बरं करायला गेलात तर आठवडा जाईल. म्हणून एकेक घेऊ.

पहिल्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही लिहिलंय की ‘व्हॅलिडेट’ केल्यावर, म्हणजे प्रोग्रामकडून लेआउट (कीवरच्या अक्षरांची मांडणी) तपासून घेतल्यावर, १२५२ या कोड पेजबद्दल इशारे आले आणि तुम्ही ते सोडून दिलेत. कोड पेज म्हणजे अक्षरं आणि त्यांचे आकडे यांचा तक्ता, आणि १२५२ हे विंडोजचं पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं कोड पेज. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन त्यात येतात, मराठीचा तिथे काही संबंध नाही. त्याचं नाव निघालं याचा अर्थ तुमचा लेआउट इंग्रजी भाषेच्या नावावर नोंदला गेला आहे. रिकाम्या पाटीवरून सुरुवात केली की हा प्रोग्राम भाषा इंग्रजी धरतो, आणि ती बदलायची हे कुठे ठळक सांगत नाही. म्हणून तुमचा कीबोर्ड इंग्रजीखाली जाऊन बसला. तुम्हाला तो ‘दुसऱ्या जागी’ सापडला म्हणालात, ती जागा हीच असणार.

सगळ्या की पुन्हा भरायची गरज नाही. फाइल मेनूतून तुमची मूळ केएलसी फाइल, म्हणजे या प्रोग्रामने साठवलेला लेआउटचा मसुदा, उघडा. प्रोजेक्ट मेनूत प्रॉपर्टीज आहे, तिथे काही रकाने दिसतील. भाषेत मराठी निवडा. वर्णनाच्या रकान्यात तुम्हाला यादीत जे नाव वाचायचं आहे ते लिहा. आणि सर्वांत वरचा नावाचा रकाना, ज्यात आठच अक्षरं मावतात आणि तीही रोमन, तो बदला. का बदलायचा ते दुसऱ्या दुखण्यात येतं. त्याआधी एक सांगतो: केएलसी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्त करायची सवय असेल, तर सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं फायलीत साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ एलईच राहू द्या. यूटीएफ-८ मध्ये साठवलीत तर प्रोग्रामला ती नीट वाचता येत नाही, आणि त्या वेळी येणाऱ्या संदेशावरून खरं कारण कळतही नाही.

आता दुरुस्ती न उतरण्याचं. हा प्रोग्राम तुमच्या लेआउटचं रूपांतर एका छोट्या डीएलएल फायलीत (विंडोज थेट वापरते अशा फायलीत) करतो, आणि तिला नाव देतो ते त्या आठ अक्षरांच्या रकान्यातलं. विंडोज ती फाइल एकदा उचलते आणि लेआउट वापरात असेपर्यंत धरून ठेवते. तुम्ही त्याच नावाने नवी आवृत्ती बांधलीत, जुनी न काढता तिच्यावर चढवलीत, की जुनीच चालत राहते. चाचणीची खिडकी मात्र प्रोग्रामच्या आतला ताजा मसुदा दाखवते, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं आणि बाहेर चुकीचं. चाचणीच्या खिडकीवर विश्वास ठेवून मी एकदा अख्खी रात्र की बदलत बसलो होतो. चूक लेआउटमध्ये नव्हतीच.

मी आता काय करतो ते सांगतो. प्रत्येक आवृत्तीच्या नावाच्या शेवटी अंक लावतो, ०१, ०२, ०३ असा. वर्णनातही तोच अंक घालतो, म्हणजे विंडोजची की आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड बदलताना कोणती आवृत्ती चालू आहे ते समोर दिसतं. नवी बांधण्याआधी जुनी सेटिंग्जमधल्या मराठी भाषेच्या पर्यायांतून काढतो, मग इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामांच्या यादीतून अनइन्स्टॉल करतो, मग संगणक रीस्टार्ट. साइन आउट पुरेल असं वाटतं, पण मी रीस्टार्टच करतो. दोन मिनिटं जातात, पण नंतरचा संशय राहत नाही. त्यानंतर नव्या फोल्डरमधला सेटअप चालवायचा, पुन्हा रीस्टार्ट, आणि सेटिंग्ज, वेळ आणि भाषा, मराठी, भाषेचे पर्याय, कीबोर्ड जोडा, या वाटेने जाऊन तो निवडायचा. हे सगळं करताना इंग्रजी कीबोर्ड मात्र काढू नका, आणि सुरुवातीचा कीबोर्ड म्हणून तोच ठेवा. पासवर्ड रोमन अक्षरांत असतो, आणि साइन इनच्या पडद्यावर फक्त देवनागरी उमटायला लागली तर माणूस रडकुंडीला येतो.

एखाद्या नव्या संगणकावर हा प्रोग्राम उघडलाच नाही, तर त्याचं कारण बहुधा डॉट नेट, म्हणजे असे प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा पाया, असतं. याची १.४ ही आवृत्ती २००७ सालची, तिला डॉट नेट २.० लागतं. विंडोज १० आणि ११ मध्ये ते ३.५ च्या आत येतं, पण ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर यातून बनलेला लेआउट चालणार नाही. हा प्रोग्राम त्यासाठीची फाइल बनवतच नाही.

तिसरं दुखणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही. वाऱ्यावर, दऱ्या, कोऱ्या, गुऱ्हाळ यांतला र ही मराठीची खास चीज आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या सूचनांत तो सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा: ऱ, ज्याचा कोड ०९३१, मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, मग य. ही दुसरी तऱ्हा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून चालू ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, म्हणून शोध लागत नाही, शब्दसूचीत एकच शब्द दोनदा येतो आणि अकारविल्हे लावताना ते दूर दूर जाऊन पडतात.

तुमच्या फायलींत कोणती तऱ्हा आहे ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे. नोटपॅडमध्ये फक्त ऱ्य डकवा, कर्सर त्याच्या उजवीकडे ठेवा आणि बॅकस्पेस मोजून दाबा. तीन वेळांत पुसला गेला तर पहिली तऱ्हा, चार लागले तर दुसरी, कारण तो न दिसणारा जोडकही एक जागा खातो. पक्की खात्री हवी तर वर्डमध्ये अक्षराच्या उजवीकडे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा कोड येतो. पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. ॲ सुद्धा असाच तपासा: ०९७२ आला पाहिजे.

ऱ्य ला स्वतंत्र की देणं ही तुमची कल्पना मला आवडली. इनस्क्रिप्टमध्ये तो मुळातही निघतो, शिफ्ट आणि जे ने ऱ, डी ने हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कीवर य. पण दिवसभर जुळणी करणाऱ्याच्या बोटांना ते तीन दाब जाणवतात. या प्रोग्राममध्ये एका कीवर चार अक्षरांपर्यंत साखळी बसते, त्यामुळे ऱ्य ची तीन अक्षरं सहज मावतात. मात्र साखळी भरताना ती पहिल्याच तऱ्हेने भरा. जुन्या फायलीतून ऱ्य कॉपी करून तिथे डकवला असेल, तर जोडक नकळत आत आला असेल, आणि तुमचा नवा कीबोर्ड जुनीच चूक पुढे चालवेल. मी ऱ्य उजव्या ऑल्टबरोबर जे वर ठेवला आहे, कारण ऱ त्याच कीवर आहे आणि बोट आपोआप तिकडे जातं. डेड की मध्ये, म्हणजे जी दाबल्यावर पुढची की दाबेपर्यंत काही उमटत नाही तिच्यात, मात्र साखळी बसत नाही, तिचं फळ एकच अक्षर असू शकतं.

ॲ बद्दल एक भर. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवत, आणि काही जण अजूनही तसंच करतात. तो जोड कित्येक ठिकाणी ठिपक्यांच्या गोलासकट दिसतो. तुमच्या वाचकाला गोल दिसला तर दोष कीबोर्डचा असतो. चौकोनी डबा दिसला, तर त्याच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि तिथे तुमच्या कीबोर्डला काही करता येणार नाही. ल आणि श यांच्या मराठी वळणाचंही तेच, ती फॉन्टची बाब आहे.

जुन्या फायली दुरुस्त करताना एकच काळजी घ्या. ‘सगळे जोडक पुसून टाक’ असं कधीही करू नका. अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी दाखवायला तोच जोडक वापरलेला असतो, ती सगळी बिघडतील. आधी फायलीची प्रत काढा. मग र, हलन्त आणि जोडक ही तिघांची जोडी मूळ मजकुरातून उचलून शोधाच्या रकान्यात ठेवा, बदलीच्या रकान्यात ऱ आणि हलन्त ठेवा, आणि पहिले वीसेक बदल एकेक करून डोळ्यांनी बघा. साध्या मजकुराच्या फायली असतील तर हे नोटपॅड प्लस प्लसमध्ये करा. मला तिथे शोध सर्वांत काटेकोर वाटतो.

भाषा मराठी करून, नाव बदलून बांधल्यावरही तो यादीत आला नाही, तर व्हॅलिडेटचे नवे इशारे जसेच्या तसे इथे लिहा. मी बघतो.