नाव शेवटी

शहापूर, बेळगाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. सहा शर्टांचं कापड, चार टॉवेल, डझनभर रुमाल, लॅपटॉपची बॅग, चार कप्प्यांचा डबा, पाण्याची बाटली. खाली एक ओळ: यातल्या कशाकशावर नाव घालून घेऊ, आणि कुठलं? बंगळूरची नोकरी आत्ता, लग्न मे महिन्यात. म्हणजे काही महिने एक आडनाव आणि पुढे कदाचित दुसरं. हे कोडं सुईदोऱ्यानं सुटणारं नाही. शिवणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते आता लिहिते: नाव शेवटी.

शेवटी म्हणजे कापड धुऊन झाल्यावर, अंगात बसतंय हे बघून झाल्यावर, वस्तू आपल्याकडे राहणार याची खात्री पटल्यावर. नाव घातलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही, बदलूनही देत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. तुझ्या नावाचा शर्ट तो कुणाला विकणार?

उसवता येतं की, म्हणशील. येतं. मागच्या बाजूनं बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा रिपरनं, टाके उसवायच्या हत्यारानं, कापायचा, पुढून वरचा दोरा हलके ओढून काढायचा, वाफेची इस्त्री फिरवून नखानं भोकं घासायची. पॉपलीनवर बरीच मिटतात. पण शर्ट वर्षभर वापरलेला असेल तर अक्षराखालचा रंग उडालेला नसतो. दोरा काढलास की तेच अक्षर गडद रंगात तिथं उभं!

आता शर्ट बघू. वडगावच्या मागावरचं असो की मिलचं, कोऱ्या सुती कापडात खळ असते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि कापड आटतं, मीटरमागं तीन-पाच सेंटिमीटर सहज. मशिनच्या भरतकामाचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा, तो आटत नाही. कापड आत येतं, दोरा होता तिथंच राहतो, आणि अक्षराभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीनं जात नाहीत. मग लोक मशिनवाल्याला शिव्या घालतात. त्यानं बिचाऱ्यानं तुम्ही दिलेल्या कोऱ्या कापडावर काम केलेलं असतं. तेव्हा कापड कापायच्या आधी साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेव, पिळू नको, सावलीत वाळव, दमट असतानाच इस्त्री कर. सहाही शर्टांचं. एकाचं करून बाकीचं तसंच दिलंस तर शिंप्याचं माप पाचांना चुकणार.

तुला कफवर अक्षरं हवीत, कारण ऑफिसात कुणाच्या तरी कफवर पाहिलीस. इथं पेच आहे, आणि तो लपवून मी तुला नियम शिकवणार नाही. कफवरचं नाव कफ शिवण्याआधी घालावं लागतं. शिवलेल्या कफात दोन पदर आणि मध्ये बकरम, म्हणजे कडक अस्तर, असतं. ते कापड ताणून धरणाऱ्या भरतकामाच्या रिंगमध्ये नीट बसत नाही, टाके आतल्या पदरातून आरपार जातात आणि मनगटाला दिवसभर खरखरतात. मग नाव शेवटी कसं घालणार? असं कर की, पहिला शर्ट बिननावाचा शिवून घे. तीन वेळा धू, महिनाभर घाल, बाहीची लांबी बघ. पटलं तरच उरलेल्या पाचांचे कफ कापून मशिनवर पाठव. शिंपी कुरकुरेल, त्याला सहाही एकावर एक ठेवून एकदम कापायचे असतात. कुरकुरू दे.

मला विचारशील तर कफ नकोच. डाव्या कफवर घड्याळ बसतं आणि उजवा टेबलावर घासून आधी विरतो. त्यापेक्षा डाव्या अंगाला, चौथ्या-पाचव्या बटणाच्या रेषेत, बटणपट्टीपासून चार बोटं आत घाल. तिथं कापडाचा एकच पदर, रिंग सरळ बसते, आणि शर्ट पुरा शिवून, धुऊन, वापरूनही नाव घालता येतं. दिसत नाही, म्हणशील. न दिसू दे. नाव तुझं आहे, बघायचं तूच.

अक्षरं कुठल्या लिपीत हे तू विचारलं नाहीस, पण बेळगावात राहून हा प्रश्न कुणाला चुकलाय? पाट्यांवरच्या लिपीवरून इथं काय काय झालं ते तुला सांगायला नको. शर्टाच्या आतल्या कोपऱ्यावर कुणाचा कायदा चालत नाही, तेवढी जागा मोकळी आहे. मात्र देवनागरी घालायची तर ती कशी घालतात ते नीट समजून घे, कारण नव्वद टक्के घाण इथंच होते.

मशिनवर अक्षर उमटण्याआधी त्याचं पंचिंग करतात, म्हणजे कुठला टाका कुठून कुठं जाईल ते कंप्युटरवर आखतात. इंग्रजी अक्षरं तयार मिळतात, सहा मिलिमीटर उंचीलाही स्वच्छ येतात. कानडी अक्षरं गोल, त्यांना सलग शिरोरेघ नाही, तीही बरी बसतात. देवनागरीत प्रत्येक उभी काठी वरच्या रेघेला जाऊन भिडते, आणि नेमकी तिथंच टाक्यांवर टाके चढतात. गाठीसारखा टणक उंचवटा तयार होतो, दोरा तुटतो, कधी सुईही मोडते. उपाय सोपा आहे: काठी रेघेच्या जेमतेम आत थांबवायची आणि रेघ सगळ्यांत शेवटी एका दमात ओढायची. आपण पाटीवर असंच लिहायला शिकलो की! आधी अक्षरं, मग डोक्यावर रेघ. मशिनवाल्याला एवढंच सांग. तो इंग्रजीचा फाँट उचलतो तसा मराठी फाँट उचलून तसाच चालवत असेल तर तिथून कापड घेऊन परत ये.

शिवाय तुझ्या नावाचं पहिलंच अक्षर जोडाक्षर, वर वेलांटी. भरीव टाक्याची पट्टी एक मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की टाके एकमेकांत घुसतात, आणि अर्ध्या अक्षराच्या पोटातली पोकळी भरून जाते. म्हणून देवनागरी जोडाक्षर बारा मिलिमीटरच्या खाली घ्यायचंच नाही. तेवढं मोठं नको असेल तर भरीव सोडून दे, नुसती उलटी टीप घालून घे, ती आठ मिलिमीटरलाही वाचता येते. दोरा कापडाच्याच रंगाचा, एक छटा गडद. मागं फाडून काढायचा पेपर लावतात. पातळ कापडाला एक थर पुरतो. पेपर न लावता "चालतंय" म्हणणाऱ्याकडे चालायला लागू नको.

लाल, मरून, गडद निळ्या दोऱ्याची परीक्षा घेतल्याशिवाय पांढऱ्यावर हात लावू नको. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत गुंडाळायचा, वरून गरम इस्त्री दाबायची. चिंधीला डाग आला तर तो दोरा काळ्या कापडासाठी ठेवून दे.

टॉवेलवर पहिलं अक्षर एकच, दोन इंच, आणि तेही टॉवेल दोनदा धुतल्यावर. कोऱ्या टॉवेलचे लूप उभे असतात, अक्षर त्यांत बुडतं. वरून पाण्यात विरघळणारा पातळ पडदा टाकून भरायला सांग, तो पडदा लूप दाबून धरतो. पडदा नसेल तर काठाजवळ जी सपाट विणलेली पट्टी असते तिच्यावर घाल, तिथं लूपच नाहीत. दोघांच्या नावांचे जोडीचे टॉवेल हल्ली लग्नात देतात, देणारे देतील. तू स्वतः पैसे घालू नको.

रुमालांचं मात्र मन लावून कर, आणि हातानं कर. रुमाल दोन्ही बाजूंनी दिसतो, मशिनची मागची बाजू दाखवण्यासारखी नसते. आपल्याकडं कशिदा आहे, धारवाडकडचा, तो अशा कामासाठीच आहे असं मला वाटतं. त्यातला गवंती टाका धावदोऱ्यासारखा जातो आणि त्याच वाटेनं परत येताना राहिलेल्या जागा भरतो. पुढं जे, तेच मागं. गाठ मारायची नाही. सुरुवातीला दोन इंच शेपूट सोडायचं, काम झाल्यावर ते मागच्या टाक्यांत लपवायचं. रुमालाचं कापड इतकं बारीक की धागे मोजता येत नाहीत, म्हणून वर विणलेली जाळी टाच, जाळीची घरं मोजून टाके घाल, शेवटी जाळीचे धागे एकेक ओढून काढ. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घे. एक लड आठ मीटरची, डझनभर रुमालांना एका रंगाची एक लड सहज पुरावी. अक्षर अर्धा इंच, दोन्ही कडांपासून एक इंच आत, कोपऱ्याकडं तिरकं, म्हणजे घडी घातली की वर येतं. रुमालही आधी धुवायचे. पुन्हा सांगायला नको, तरी सांगते.

बॅगेवर बाहेरून नाव नको, हे मी भांडून सांगेन. बसस्टँडवर अनोळखी माणसानं तुला नावानं हाक मारावी असं काय अडलंय? आतल्या पल्ल्यावर नाव आणि फोन नंबर, बस्स. बॅग चामड्याची असेल तर तापवलेल्या ठशानं बिनरंगाचं अक्षर उमटवता येतं, पण ते झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर, अथणीच्या चपलांना असतं तसल्यावर, खोल बसतं आणि टिकतं. रेक्झीनवर ठसा मारलास तर वरचा थर वितळतो, नंतर पापुद्रे निघतात.

डबा आणि बाटली, हे दोनच अपवाद, यांच्यावर पहिल्या दिवशी नाव. पी.जी.त एका मोरीवर दहा डबे घासायला पडतात. भांड्यांवर नाव घालायची आपली रीतच मुळी यासाठी. कार्याला भांडी घरोघरून यायची, आणि नाव बघून परत जायची. मिरवायला नव्हतं ते. भांडीवाला मशिनच्या पेनानं टिंब-टिंब अक्षर काढून देतो. नाव बाहेरून, काठाखाली. आतून नको, खाचेत अन्न अडकतं. चारही कप्प्यांवर, झाकणावर आणि कडीवर वेगवेगळं घालून घे, कारण अदलाबदल नेहमी झाकणांची होते. बाटलीच्या टोपणावरही. इथं फक्त तुझं पाळण्यातलं नाव, आडनाव नाही. आई रुखवतासाठी भांडी घेतेय म्हणतेस, तिला सांग, त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, ते बदलत नाही.

राहिली लाँड्री. पूर्वी धोबी बिब्ब्याच्या रसानं खूण करायचे, वर चुना. कितीही धुतली तरी ती खूण जायची नाही, पण बिब्बा अंगावर उततो, कॉलरच्या आत नकोच तो. तू पांढरी सुती फीत आण, अर्धा इंच रुंद. तीन इंचांचे तुकडे काप, मधल्या दोन इंचांत न पुसणाऱ्या पेनानं नाव लिही, वरून इस्त्री फिरव, दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच आत दुमड आणि चारी बाजूंनी टीप मार. कॉलरच्या आत, पाठीच्या जोडापाशी. नाव बदललं तर दोन मिनिटांत उसवते, भोकं आतल्या बाजूला राहतात. कॅम्पात लष्कराच्या वर्दीवर बघ, नाव पट्टीवर असतं, थेट कापडावर नसतं. वर्दी बदलते, पट्टी नव्या वर्दीवर जाते. तुझ्या सगळ्या यादीला खरं तर एवढी फीत पुरली असती.

बाई जुन्या वळणाच्या, मुलींच्या हौसेवर पाणी घालतात, हे मला ठाऊक आहे लोक म्हणतात. कंप्युटर मशिनशी माझं भांडण नाही, हौसेशी तर नाहीच. आधी अक्षरं शिकवून मग कापड धुवायला शिकवलं, हा माझ्या शिकवण्यातला क्रम उलटा होता, एवढं मी कबूल करते. म्हणूनच आता इतकी ओरडते. आडनाव तुझं राहील की बदलेल, की दोन्ही लावशील, ते तुझं तू बघ, त्यात मी सल्ला देणार नाही. फक्त ते ठरायच्या आधी सुई चालवू नको.

रुमालांसाठी जाळी इथून घे, माझ्याकडं उरलेली आहे. अक्षर फाँटमधलं नको, तुझ्या हातचं असू दे. दोन इंचांच्या चौकोनी कागदावर जाड पेन्सिलीनं दहा वेळा लिही, त्यातलं एक मी निवडते. शिरोरेघ ओढू नको, ती मी कापडावर बघून ओढेन. आणि शर्टांचं कापड आज रात्री बादलीत टाक.

तुझ्या,
शिवणाच्या बाई