गणपती होईपर्यंत थांबू नका

पत्र: माझी आई ६२ वर्षांची, देवगड तालुक्यात गावी एकटी राहते. मी डोंबिवलीला. पाळी जाऊन तिला दहा-बारा वर्षं झाली. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला, की गेल्या दोन महिन्यांत आईच्या अंगावरून तीनदा लाल गेलं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या आणि ते थांबलं. आईला साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, वजनही बरंच आहे. काकूंनी मोठ्या दवाखान्याचं काढलं तर म्हणते, ‘माका काय्येक झाला नाय, उष्णता झाली. गणपती जावंदेत, मगे बघूया.’ गणपतीला अजून दीड महिना आहे. तोवर थांबलं तर चालेल का? हा कॅन्सर असेल का? तिला मुंबईला आणू की तिकडेच दाखवू? आणि मी मुलगा, या विषयावर तिच्याशी बोलू कसा?

उत्तर:

प्रिय भाऊ,

थांबू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं, अगदी एकदाच, अगदी तपकिरी डागाएवढं, तरी ते तपासावं लागतं. आईचं तीनदा गेलंय. पुढच्या दोन आठवड्यांत तिला स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहायला हवं. पहिली तपासणी एका सकाळीत होते, तिने गणपतीच्या तयारीत काही अडत नाही.

गोळ्यांनी थांबलं म्हणून बरं झालं, ही समजूत आधी बाजूला ठेवा. रक्त थांबायची गोळी गुठळी टिकवून धरते, रक्त जिथून येतं तिथे ती काही दुरुस्त करत नाही. काही वेळा हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यांनी गर्भपिशवीच्या अस्तराचं रूपच बदलतं आणि नंतरच्या तपासणीचा अर्थ लावणं अवघड होतं. म्हणून काकूंना सांगून त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवायचं आहे. कारण कळल्याशिवाय परत तीच गोळी आणून देऊ नका.

आता कॅन्सरचं. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ-दहा जणींना पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांत बहुतेक वेळा आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली असते, कुणाला पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेला लहान कोंब असतो, कुणाचं अस्तर जाड झालेलं असतं. आईच्या बाबतीत साखर आणि वजन या दोन गोष्टी धोका थोडा वाढवतात. पाळी गेल्यावरही शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं, त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन मात्र उरलेलं नसतं, त्यामुळे अस्तर वाढत जातं. पण याची दुसरी बाजूही धरून ठेवा: हा कॅन्सर बहुतेकींत लवकरच रक्ताच्या रूपाने बाहेर दिसतो. तो पिशवीच्या आतच असताना सापडला तर बहुतेक बायका शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. दीड महिना वाया घालवू नका म्हणते ते याचसाठी.

आईशी बोलायचं कसं, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण काम तिथूनच सुरू होणार. आधी काकूंना विचारा, ‘तुम्ही मला सांगितलंत हे आईला सांगू का?’ त्यांना मध्ये अडकवू नका. मग जमलं तर शनिवार-रविवारी गावी जा. फोनवरच बोलावं लागलं तर ती घरात एकटी असेल अशी वेळ धरा. कॅन्सरने सुरुवात करू नका. एवढंच म्हणा: ‘आई, अंगावरून जातंय ते मला कळलंय. तपासून घेऊया. मी गाडी ठरवतो आणि बाहेर बसतो. आत तुझ्याबरोबर काकू येतील. बाईडॉक्टरच बघू.’ एवढं सांगून गप्प बसा, तिला बोलू द्या. ती काय म्हणते त्यावर तिची भीती कुठे आहे ते कळेल. खर्चाची असेल, पिशवी काढून टाकतील याची असेल, आतून तपासतात त्या लाजेची असेल.

आणि एक भीती ती तुमच्याजवळ बोलणारच नाही: चतुर्थीला घरात गणपती आणि आपल्याला विटाळ. किती तरी बायका एवढ्यासाठीच डाग लपवतात. तिला स्पष्ट सांगायला हवं, की ही पाळी नाही, पाळी कधीच गेली. बोटाला कापल्यावर येतं तसंच हे रक्त. ते काकूंच्या तोंडून गेलं तर तिला अधिक पटेल. देवळात कौल लावायचा म्हणाली तर लावू द्या, वाद घालू नका. फक्त दवाखान्याची तारीख त्याआधी पक्की करून ठेवा.

जायच्या दिवसापर्यंत काकूंच्या मदतीने एक टिपण ठेवा. पांढरं सुती कापड किंवा पॅड वापरायचं. तारीख, रंग लाल की तपकिरी, दिवसात किती पॅड, वास आहे का, पोटात दुखतं का. आणि एक गोष्ट नीट बघायची: रक्त नक्की कुठून येतं. लघवीतून, मूळव्याधीतून आलेलं रक्तही कापडावर सारखंच दिसतं. आपल्याकडे जन्मभर ओझी वाहिलेल्या बायकांचं अंग, म्हणजे पिशवी, खाली सरकून बाहेर आलेलं असतं आणि त्या वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. बाहेर आलेल्या भागाला कपडा घासून जखम होते आणि तीही रक्त सोडते. काकूंनी हळूच विचारलं तर आई सांगेल.

कुठे जायचं? पहिली तपासणी तिकडेच करा. तिचं घर, तिची माणसं, काकू सोबत. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात आणि आतून सोनोग्राफी होते का. तिथे सोय नसेल तर ओरोसच्या सरकारी रुग्णालयात. दोन आठवड्यांत कुठेच नंबर लागत नसेल तर सरळ मुंबईला आणा. गणपतीआधीची झुंबड कोकणात येणाऱ्या गाड्यांना असते, मुंबईकडे जाणाऱ्यांना तेव्हा जागा मिळते. विसर्जनानंतर ते उलटं होतं, म्हणून ‘गणपती झाल्यावर आणतो’ हा बेत प्रवासाच्या दृष्टीनेही वाईटच.

सोबत रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. रक्त तिच्यामुळे जातंय असं वाटलं तरी तपासणी चुकत नाही. साध्या तपासणीला उपाशी राहायचं नसतं. साखरेची गोळी घेऊन उपाशी बसवलेल्या बाईला रांगेत चक्कर येते. आतून धुऊन जायचं नाही. आणि त्या दिवशी रक्त जात असेल तर ‘आज नको’ म्हणून मागे फिरायचं नाही, तपासणी त्या दिवशीही होते.

डॉक्टर आधी आतून बघतील. या वयात आतली त्वचा कोरडी असते, म्हणून दुखतं. लहान आकाराचं उपकरण वापरा आणि जेल लावा, असं काकूंनी सांगावं. ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टरांनी थांबायचं, हे आईला आधीच सांगून ठेवा. पण ही तपासणी टाळून नुसत्या सोनोग्राफीवर भागवू देऊ नका. पिशवीच्या तोंडावरची जखम डोळ्यांना दिसते, सोनोग्राफीत सहज निसटते, आणि आपल्या देशात पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर काही दुर्मीळ नाही.

मग सोनोग्राफी. पोटावरून करतात तिला लघवी भरलेली लागते, आतून करतात तिला रिकामी. कोणती करायची ते न विचारताच म्हाताऱ्या बाईला लिटरभर पाणी पाजून तासभर ताटकळत ठेवतात, तेव्हा आधी विचारून घ्या. आईला आतूनचीच हवी, अस्तर त्यात नीट मोजता येतं. रिपोर्टमध्ये ‘ईटी’ म्हणून मिलीमीटरमध्ये आकडा असतो, ती अस्तराची जाडी. ४ मिलीमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार थोडी. त्याहून जास्त असेल तर तुकडा तपासायलाच हवा. मात्र रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर अस्तर पातळ असलं तरी तुकडा घेतात, आणि आईचं तीनदा गेलंय. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, जा घरी’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे एवढंच विचारा: ‘तीनदा गेलंय, तुकडा तपासायचा का?’

तुकडा घेणं म्हणजे मोठं ऑपरेशन नव्हे. साधारण ३ मिलीमीटर जाडीची प्लास्टिकची नळी पिशवीत घालून अस्तराचा थोडा अंश ओढून घेतात. बाह्यरुग्ण विभागातच, काही मिनिटांत होतं. पाळीच्या वेळी येते तशी जोराची कळ येते, म्हणून आधी कोणती दुखण्याची गोळी चालेल ते विचारून घ्या. नंतर एक-दोन दिवस थोडे डाग पडतात. कधी पिशवीचं तोंड इतकं आवळलेलं असतं की नळी जात नाही, मग भूल देऊन दुर्बिणीने बघून नमुना घेतात. त्या दिवशी मात्र उपाशी राहावं लागतं आणि साखरेच्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारायचं.

इथून पुढे खूप ठिकाणी घोळ होतो, म्हणून नीट वाचा. नमुना फॉर्मेलिनच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या औषधी पाण्याच्या, बाटलीत जातो. छोट्या गावांत बाटली लॅबपर्यंत नातेवाइकांनाच न्यावी लागते. तिच्यावर आईचं नाव आणि तारीख आहे का ते बघा, पाणी घालू नका, बर्फात ठेवू नका, पावती फोटो काढून ठेवा. रिपोर्टला आठवडाभर लागू शकतो. तो आणायचा कुणी, हे त्याच दिवशी ठरवा. तुम्हाला वाटतं काकू आणतील, काकूंना वाटतं तुम्ही मागवलात, आणि रिपोर्ट लॅबमध्ये पडून राहतो. त्यात ‘नमुना अपुरा’ असं लिहिलं असेल तर तो चांगला रिपोर्ट नव्हे. नमुना पुन्हा घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि रिपोर्ट येण्याआधीच कुणी ‘या वयात पिशवी कशाला हवी, काढून टाकू’ म्हणालं तर होकार देऊ नका. हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. त्वचा कोरडी झाल्याने रक्त जात असेल तर आत लावायच्या मलमाने भागतं. पॉलिप दुर्बिणीतून निघतो. अस्तर नुसतं जाड असेल तर बऱ्याचदा हार्मोन देऊन काही महिन्यांनी पुन्हा तुकडा बघतात. त्या जाडीत पेशी बिघडलेल्या असतील तर पिशवी काढण्याचा सल्ला योग्यच. आणि कॅन्सर असेल तर शस्त्रक्रियेआधी तो कुठवर गेलाय ते बघावं लागतं, बीजकोश आणि आसपासच्या लसिका गाठींचा विचार करावा लागतो, ते कॅन्सरच्या सर्जनचं काम. घाईत साधी पिशवी काढली की पुढचा उपचार ठरवणं अवघड होऊन बसतं.

कॅन्सर निघालाच, तर परळचं टाटा रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं सरकारी रुग्णालय, चिपळूणजवळ डेरवणचं रुग्णालय, असे पर्याय आहेत. जाण्याआधी लॅबकडून नुसता रिपोर्ट नाही, तर स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) आणि नमुना बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवा.

मधल्या दिवसांत तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, मोठ्या गुठळ्या पडतायत, चक्कर येतेय, धाप लागतेय, किंवा ताप आणि घाण वास आहे, तर त्या तारखेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन, किंवा गावातली मिळेल ती गाडी. पावसात नेटवर्क जातं, म्हणून वाडीत गाडी असलेल्या दोघांचे नंबर काकूंकडे कागदावर लिहून ठेवा. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन बघून घ्या, तीनदा रक्त गेल्यावर ते उतरलेलं असू शकतं.

एक गोष्ट रिपोर्ट येण्याआधीच आईला विचारून ठेवा. तिला स्वतः डॉक्टरांकडून ऐकायचंय की आधी तुम्ही ऐकून मग सांगावं? आपल्या घरांत मुलं परस्पर ठरवतात, की आईला काही सांगायचं नाही. मग ती सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखते आणि कुणालाच विचारू शकत नाही. ती ‘माका सांगा’ म्हणाली तर त्या दिवशी तिला आत बसवा, आणि तिची हरकत नसेल तर तुम्हीही बसा.