भांडवल असलं की धंदा उभा राहतो, मग जागेच्या मालकी हक्काला एवढं महत्त्व का?

तुमचा प्रश्न साधारण असा आहे: पैसा मिळाला की उद्योग चालतो, मग जागा कोणाच्या नावावर आहे यानं काय फरक पडतो? मी अर्थशास्त्र शिकलेले नाही. पुण्यातल्या धायरीत शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट चालवते, त्या अनुभवावरून सांगते.

सुरुवातीची शेड गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची; भाडेकरार अकरा महिन्यांचा. जागामालकाकडेही नोटरी केलेल्या साठेखतापलीकडे, म्हणजे पुढे विक्री करू अशा नुसत्या करारापलीकडे, काही नव्हतं. त्या आठ वर्षांत टेम्पोत घालून नेता येणार नाही अशी एकही वस्तू मी घेतली नाही. छपरावर सोलर बसवायची फार इच्छा होती. पण त्याचा खर्च भरून निघायला चार-पाच वर्षं लागणार, आणि मला पुढच्या वर्षाचीच खात्री नाही. शेजारचा पावडर कोटिंगवाला (धातूच्या वस्तूंना पावडरीचा रंग देणारा) धुण्याचं पाणी सरळ ओढ्यात सोडायचा. माणूस वाईट नव्हता, पण कधीही पाडली जाईल अशा शेडमध्ये पाणी शुद्ध करायची टाकी कोण बांधणार? ओढा मात्र गेला, त्याचा राग मला आजही आहे.

कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा खरी मेख कळली. माहेरचं घर सासवडजवळच्या गावठाणात, तीन पिढ्यांचं. सातबारा असतो शेतजमिनीचा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा मिळतो, पण तो कर आकारणीचा, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणजे बँकेच्या लेखी त्या घराची किंमत शून्य! आमच्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजायचा राज्यातला पहिला प्रयोग झाला. पुढे 24 एप्रिल 2020 ला गावठाणातली घरं अशीच मोजून मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना आली. आमच्या गावची मोजणी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे तो मालकीचा कागद, निघाली आणि त्याच घरावर कर्ज मिळालं.

त्याआधी भावानं हक्कसोडपत्राचा, म्हणजे मी घरातला माझा वाटा लिहून सोडून देण्याचा, विषय काढला होता. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं 1994 मध्ये केला, केंद्रानं 2005 मध्ये. तरी माहेर तुटायला नको म्हणून कितीतरी जणी सही करून मोकळ्या होतात, आणि धंद्याचं पहिलं भांडवल तिथेच सोडून येतात. मी नाही म्हणाले. थोडे दिवस अबोला होता. नंतर तारणाच्या कागदावर आम्ही दोघांनीही सह्या केल्या.

पुण्यातली मगरपट्टा सिटी ही मोठी वसाहत तुम्हाला माहीत असेलच. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी जवळजवळ 400 एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र आणली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले. बांधकामाची लहानमोठी कंत्राटंही त्यांच्यातल्याच कुटुंबांकडे गेली. एकीचं कौतुक सगळे करतात, ते योग्यच आहे. पण कोणाची किती जमीन हे कागदावर स्पष्ट नसतं, तर हिस्से ठरवताना पहिल्याच बैठकीत भांडणं झाली असती, असं मला वाटतं.

आणि मालकीच हवी असंही नाही. आता माझी जागा भाड्याचीच आहे, पण नऊ वर्षांचा नोंदणीकृत करार आहे. पहिल्याच वर्षी सोलर बसवलं, नव्या मशिनी घेतल्या. ऑर्डरी मिळवायची धावपळ तेवढीच आहे, ती काही कागदानं कमी होत नाही.

जुन्या शेडचा पट्टा अजून तसाच आहे. 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली, तेव्हा पावडर कोटिंगवाल्याच्या जागामालकानंही अर्ज केला. त्याचा निकाल लागलेला नाही, आणि पाणी अजून ओढ्यातच जातंय.