बेघरांना कायमचे घर दिले, तर ते विकून पुन्हा पदपथावर येतात का?

सर्रास येत नाहीत. माझे एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा जन्म भायखळ्याच्या पदपथावरच्या झोपडीतला. आई माझगावात धुणीभांडी करायची आणि महिला मिलन या पदपथावरच्या बायकांच्या संघटनेच्या बचतीत जमतील तेवढे पैसे टाकायची. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही. तेव्हा आपले घर कसे हवे, हे बायकांनी स्वतःच ठरवायला घेतले. रस्त्यावर साडी अंथरून त्या खोलीची लांबी-रुंदी मापत. उंची चौदा फूट हवी, म्हणजे पोटमाळा काढता येतो, खाली स्वयंपाक आणि वर मुलांचे निजणे होते, हा आग्रह त्यांचाच होता. मानखुर्दला घर मिळाल्यावरही आईने माझगावची कामे सोडली नाहीत, कारण हार्बरची गाडी थेट डॉकयार्ड रोडला जाते. काम तुटले किंवा जागाच राहण्याजोगी नसली, की माणसे घर सोडतात. माहुलच्या वसाहतीत नेलेल्या कुटुंबांना शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या प्रदूषणामुळे तिथून बाहेर पडण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

खरी अडचण वेगळीच आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळते ते झोपडीच्या बदल्यात. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल, तर मोफत. ज्याच्याकडे प्लास्टिकचा कागद आणि एक बोचके एवढेच आहे, त्याचे नाव परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, येणार कसे? त्याच्या वाट्याला येतो तो निवारा, तोही सरकारी निकषाप्रमाणे लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक. २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे १.२४ कोटी मुंबईकरांना हा निकष पुरेपूर लावला, तरी साडेबारा हजारांच्या आतच माणसे मावतात; बेघर मोजले गेले ते ५७ हजारांहून अधिक.

काही कुटुंबांनी घरे भाड्याने दिली, हे मी नाकारत नाही. आजारपण आणि कर्ज ही त्याची कारणे मी जवळून पाहिली आहेत. एकट्या किंवा वृद्ध माणसांना मालकीपेक्षा कामाजवळची, परवडणाऱ्या भाड्याची खोली अधिक उपयोगी पडेल. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, फुकटचे टिकत नाही. आईच्या घरात तिची बचत गेलेली आहे आणि सोसायटीचा देखभाल खर्च आम्ही आजही दरमहा भरतो. त्यांनी एकदा तिचे बचतीचे पुस्तक पाहावे आणि मग बोलावे.