देवाने सगळं चांगलं निर्माण केलं, तर ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे वाईट आलं कुठून? ल्युसिफरमुळे का?

ल्युसिफरपासून सुरुवातच करू नका. देखणा देवदूत गर्वाने फुगला, बंड केलं, स्वर्गातून हाकलला गेला, सैतान झाला आणि सापाच्या रूपात एदेन बागेत शिरला, अशी सलग गोष्ट बायबलमध्ये एका जागी कुठेच नाही. ती तुकडे जोडून झालेली आहे आणि शिकवणारे हे सांगत नाहीत, याची मला चीड आहे.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातला सर्प हा देवानेच केलेल्या वनचरांपैकी सर्वांत धूर्त प्राणी आहे. सैतान हे नाव तिथे येत नाही. यशया १४:१२ मधला आकाशातून पडलेला प्रभातपुत्र, ज्यावरून ल्युसिफर हे नाव आलं, तो म्हणजे बाबेलचा राजा. चौथ्या वचनातच तसं लिहिलंय. यहेज्केल २८ सोरच्या राजाबद्दल आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हे दोन्ही उतारे सैतानाच्या पतनाला लावले आणि पुढे तोच अर्थ रुजला. ‘जुनाट साप’ म्हणजेच सैतान, हे स्पष्ट येतं ते थेट प्रकटीकरण १२:९ मध्ये. ईयोब या नीतिमान माणसाच्या दुःखाची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकातला, पहिल्या अध्यायातला सैतान तर परवानगी मिळाल्याशिवाय काहीच करू शकत नाही. आणि दावीद राजाला लोकांची शिरगणती करायला कोणी चिथावलं? २ शमुवेल २४:१ म्हणतं परमेश्वराच्या कोपाने, १ इतिहास २१:१ म्हणतं सैतानाने. ही दोन वचनं शेजारी ठेवून वाचा.

बरं, ल्युसिफरची गोष्ट अक्षरशः खरी धरली, तरी त्याला कोणी बिघडवलं? प्रश्न फक्त एक पायरी मागे गेला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेचं, उत्तर असं की दुरात्म्यांनाही देवाने चांगलंच घडवलं, ते स्वतःहून वाईट झाले. म्हणजे मुद्दा इच्छेवर येतो, आणि इथे चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताला टाळता येत नाही. उजेड आणि अंधार अशा दोन मूळ शक्ती मानणाऱ्या मानीपंथात त्याने नऊ वर्षं काढली होती, नंतर तो पंथ सोडला. त्याचं म्हणणं, वाईट ही वस्तूच नाही. ती चांगल्यात पडलेली उणीव आहे. जखम बरी झाली की ती दुसरीकडे राहायला जात नाही, नाहीशी होते. मग इच्छा मुळात का ढळली? ऑगस्टीन सांगतो, त्या ढळण्याला घडवणारं कारण शोधू नका, ते ढळणं म्हणजे ऱ्हास आहे. पुष्कळांना ही पळवाट वाटते. मला हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं, कारण वाईटाला पटण्याजोगं कारण सापडलं तर ते समर्थनीयच ठरेल.

पुढे पंथांचे रस्ते फुटतात. आदामाचा दोष सगळ्यांकडे येतो, हे ऑगस्टीनचं मत. हा दोष वारशाने येत नाही म्हणणाऱ्या पेलॅगियसविरुद्ध ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने मूळ पापाची शिकवण उचलून धरली. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणतात, वारशाने मरण आणि दुबळेपणा येतो, अपराध नाही. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या बिशपचा आदाम अजून लहान, अपरिपक्व आहे, म्हणून चुकतो. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांनी मांडलेली श्रद्धेची कलमं, म्हणतो, जे घडतं ते सगळं देवाने ठरवलेलं, तरी पापाचा कर्ता तो नव्हे. ही मांडणी मला सर्वांत कमकुवत वाटते.

भूकंप, लहान मुलांचे आजार, यांना इच्छेचं उत्तर पुरत नाही. आणि नेमकं तिथेच कोणीतरी म्हणतं, ‘तुमच्याच पापाचं फळ.’ हा वाद मी वर्षानुवर्षं घालत आलोय. लूक १३:४ उघडा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांपेक्षा अधिक दोषी होते का, असं विचारून येशूच ‘नाही’ म्हणतो. योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाबद्दलही तेच: पाप ना त्याचं, ना त्याच्या आईबापांचं.

पतित देवदूत मी नाकारत नाही, हेही सांगायला हवं. २ पेत्र २:४ आणि यहूदा ६ मध्ये ते आहेत, लूक १०:१८ मध्ये सैतान विजेसारखा पडताना दिसतो. पण आजारी माणसाच्या उशाशी बसून पापाचा हिशेब मांडणाऱ्याला ईयोब ४२:७ वाचायला द्या. ईयोबच्या मित्रांनी हाच हिशेब मांडला होता आणि देवाचा कोप त्यांच्यावर झाला, ईयोबवर नाही.